अनूदचा घास

सिग्नलला गाडी थांबली आणि शाहीनच्या बाहीवर मांसाचा एक तुकडा येऊन पडला. नखाएवढा, ओला, गुलाबी. पांढऱ्या झग्याच्या इस्त्रीवर तो क्षणभर चिकटून राहिला, मग घसरून मांडीवर आला. शेजारच्या सीटवर ठेवलेल्या अड्ड्यावर, ससाण्याच्या बैठकीवर, बसलेल्या अनूदनं मान पुन्हा एकदा झटकली. आता चोचीत काही नव्हतं, तरी झटकली. घरून निघताना त्यानं तिला लाव्याच्या मांसाचा एक घास भरवला होता. तो तिनं घेतला होता, गळ्याशी नेला होता, बराच वेळ तिथेच धरला होता आणि आता टाकून दिला होता. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. उंच इमारतींच्या काचांवर दोहाची हिवाळी दुपार उतरली होती, तिकडे बघत होती. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा शाहीनच्या लक्षात आलं की सिग्नल हिरवा झाला आहे, आणि त्याच वेळी उगाचच वाटून गेलं की मागच्या माणसाला सगळं कळलं आहे, म्हणूनच तो वाजवतो आहे. शहराबाहेरच्या मोकळ्या वाळूवर तिला उडवायला न्यायचं होतं. पुढच्या चौकात त्यानं गाडी वळवली आणि घराचा रस्ता धरला. मान झटकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या गच्चीवरच्या कबुतरांची पिल्लं घशाच्या रोगात अशीच मान झटकतात, घास तोंडात घोळवतात आणि टाकतात. मागच्या उन्हाळ्यात त्यानं अशी किती पिल्लं तळहातावर घेऊन त्यांच्या चोची उघडून पाहिल्या होत्या.

अनूद त्याची नव्हती. ती मुहन्नाची, त्याच्या थोरल्या भावाची. मुहन्नाचं यकृत बिघडलं होतं आणि शस्त्रक्रियेसाठी तो मुलाला, जब्रला, बरोबर घेऊन जर्मनीला गेला होता. जायच्या दिवशी अनूदला त्यानं स्वतःच्या हातमोज्यावरून शाहीनच्या हातमोज्यावर दिलं. त्याच्या मजलिशीतली, रोजच्या बैठकीतली, चार-पाच माणसं तिला सांभाळायला आनंदानं तयार होती, पण तो म्हणाला होता, "ती घरातच राहील. माझ्या भावाकडे." माणसं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसली होती, आणि म्हातारे बू मत्तर म्हणाले होते, "मांजराच्या हाती लोणी ऐकलं होतं बाबा, कबुतरवाल्याच्या हाती ससाणी पहिल्यांदाच बघतोय." शाहीनही हसला होता. लहानपणापासून तो या गोष्टीला हसत आला होता. वडिलांनी मोठ्या हौसेनं धाकट्या मुलाचं नाव शाहीन ठेवलं, म्हणजे ससाणा, आणि तो पोरगा गच्चीवर कबुतरं घेऊन बसला. "नाव ठेवलं शाहीन, निघालं कबूतर," असं वडील पाहुण्यांना सांगत आणि कहव्याचा घोट घेत. पाहुणे हसत, मुहन्ना हसत नसे. तो फक्त खाली बघे. ते खाली बघणं शाहीनला हसण्यापेक्षा जास्त लागायचं. ससाणा माणसासारखा एकटा असतो, वडील म्हणत, तो उपकार विसरून उडून जाऊ शकतो आणि तरी परत येतो, यात त्याची शान. कबूतर येतं कारण त्याला दुसरं काही सुचत नाही. पन्नाशीला टेकलेला शाहीन अजूनही संध्याकाळी थवा घिरट्या घालून गच्चीवर उतरू लागला की वडिलांना मनातल्या मनात उत्तर द्यायचा. उत्तर कधी पुरं व्हायचं नाही.

विमानतळावर मुहन्नानं तिच्याविषयी शेवटचं सांगितलं ते खाण्याचं. "फ्रीजरमध्ये लावे भरून ठेवलेत. आदल्या दिवशी काढून खाली ठेवायचे, पुरते वितळू द्यायचे. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. आणि भावा, कबूतर नाही. बाजारातलं नाही, तुझं तर नाहीच. तुझ्या कबुतरांच्या पाण्याचं भांडंसुद्धा तिच्या जवळ येता कामा नये." मग आपलं बोलणं जरा कडक झालं असं वाटून त्यानं शाहीनच्या खांद्यावर हात ठेवला होता. हात हलका झाला होता. हाताची त्वचा पिवळट दिसत होती. "तुझी कबुतरं वाईट आहेत असं नाही म्हणत मी," तो म्हणाला, "त्यांना पचतं ते हिला पचत नाही, एवढंच."

घरी आल्यावर शाहीननं वदहाला हाक मारली. बायकोनं मोठा टॉवेल आणला, दोघांनी मिळून अनूदला त्यात गुंडाळलं. वदहानं तिला छातीशी धरलं आणि शाहीननं चोच उघडून मोबाइलचा उजेड आत टाकला. जिभेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, दह्याच्या कवडीसारखं पिवळट पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. वासही तोच होता, गच्चीवरचा, ओळखीचा, आंबूस. अनूदनं त्याच्या बोटाला चावा घेतला नाही. तिनं चावायला हवं होतं. "काय आहे?" वदहानं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "उष्णता झालीय." वदहानं एकदा त्याच्याकडे, एकदा खिडकीबाहेरच्या थंड हवेकडे बघितलं आणि टॉवेल सोडला.

खरं कारण त्याला माहीत होतं. त्यानं तिला कबूतर दिलं होतं. काही दिवसांपूर्वी, अशाच एका दुपारी. त्या दुपारी कचेरीतून आल्यावर त्यानं फ्रीजर उघडला आणि आठवलं की आदल्या दिवशी लावे खाली काढायचे राहिले. आदल्या संध्याकाळी बसराहून एक नवी जोडी आली होती, तिच्या नादात तो अंधार पडेपर्यंत गच्चीवरच होता. लावे दगड झालेले. अनूद अड्ड्यावरून पंख पसरून ओरडत होती आणि तिचा तो आवाज भिंतींतून, जिन्यातून, वडिलांच्या जुन्या खोलीतून येतो आहे असं त्याला वाटत होतं. एक दिवस उपाशी राहिली असती तर तिला काही झालं नसतं. ससाणे राहतात. ते त्याला माहीत होतं. लावे कोमट पाण्यात घालून तासाभरात मऊ झाले असते, तेही माहीत होतं. तरी तो जिना चढून वर गेला. वर कोपऱ्यातल्या वेगळ्या पिंजऱ्यात कबुतराची एक राखी मादी होती. तिनं उडणं सोडलं होतं, हातात घेतली की छातीचं हाड बोटांना लागायचं. शाहीननं तिला बाहेर काढलं. चोच उघडून बघणं एका क्षणाचं काम होतं. तो दररोज बघायचा, सवयीनं, कुठलंही कबूतर हातात आलं की आधी चोच. त्या दुपारी नाही बघितली. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर तिला परत ठेवून दुसरं एखादं धडधाकट कबूतर उचलावं लागलं असतं, त्या उडणाऱ्या थव्यातलं, ज्याच्या पंखाचा आवाज त्याला डोळे मिटूनही ओळखता यायचा. त्यानं मान पिरगळली आणि ती गरम असतानाच खाली आणली. डोकं, मान, गळ्यातली अन्नाची पिशवी, काहीच काढलं नाही. अनूदनं ती पायाखाली दाबली, पिसं उपटली, मानेपासून सुरुवात केली. तो जवळ उभा राहून बघत होता. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. हे तो आता स्वतःपासून लपवू शकत नव्हता. वडिलांच्या घराण्याच्या त्या मानी पाखरानं आपल्या गच्चीवरचं काहीतरी स्वीकारलं, आवडीनं खाल्लं, असं काहीतरी ते बरं वाटणं होतं. आणि त्याच्याखाली, आणखी खोल, आपलं नुकसान झालं नाही याचं समाधान होतं.

संध्याकाळी मुहन्नाचा फोन आला. रोजच यायचा. आधी अनूदची चौकशी, मग हवेची, मग इतर. "खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"किती?"

"पोटभर."

मुहन्ना समाधानानं म्हणाला, "चला. आपल्या घरात एक जण तरी पोटभर खातंय." त्याला तिथे उकडलेलं, अळणी काहीतरी देत होते. फोन ठेवल्यावर शाहीन गच्चीवर गेला आणि कबुतरांच्या औषधाच्या डब्यातली एक गोळी घेऊन खाली आला. इस्पितळात जायचं तर तिथे सगळी मुहन्नाचीच माणसं. बाजारापाशी ससाण्यांचं जे इस्पितळ आहे तिथल्या बाकांवर सकाळपासून ती कहवा पीत बसलेली असतात, हातावर पाखरं, आणि कुणाच्या पाखराला काय झालं ही त्यांची वर्तमानपत्रं. अनूदला घेऊन आत पाऊल टाकलं की तासाभरात जर्मनीत बातमी. आजारी माणसाला असा धक्का द्यायचा का, असं तो स्वतःला विचारत होता आणि नाही असं उत्तर देत होता. प्रश्न इतका सज्जन होता की त्याच्यामागे लपायला भरपूर जागा होती. त्यानं गोळी अनूदच्या घशात सारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारली. तिनं खाणं पूर्ण सोडलं. पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन ती डोळे मिटून बसून राहायची आणि श्वास घेताना घशातून बारीक शीळ यायची. कचेरीत पाण्याच्या नळवाहिन्यांच्या नकाशांवर मान घालून बसलेला असताना त्याला ती शीळ ऐकू यायची. वातानुकूलन यंत्राचा आवाज आहे हे कळत असूनही तो उठून खोलीबाहेर जायचा. घरी संध्याकाळी फोनवर तो म्हणायचा, खाल्लं. एकदा मुहन्नानं तिचं चित्रीकरण पाठव म्हटलं, तर त्यानं आधीच्या महिन्यातलं पाठवलं. त्यात ती आमिषावर झेप घेत होती. मुहन्नानं उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, माझी राणी.

ते वदहानं वाचलं. फोन तिनं त्याच्यासमोर ठेवला. "तुला भीती कशाची आहे?" ती म्हणाली. "ती मरेल याची, की त्याला कळेल याची?"

"दोन्हीची."

"खोटं. पहिली असती तर तू परवाच गेला असतास." ती आवाज न चढवता बोलली आणि जेवणाची ताटं उचलायला लागली. "मासा भाजून ठेवलाय तुझ्यासाठी, तू शिवलाही नाहीस. तीही शिवत नाही. दोघं एकाच अड्ड्यावर बसा आता."

सकाळी त्यानं अनूदला डोळे झाकणारी चामड्याची टोपी घातली आणि इस्पितळात नेलं. बाकांवर माणसं होतीच. बू मत्तर होते. "ही मुहन्नाची ना?" त्यांनी विचारलं. "काय झालं हिला?" शाहीन म्हणाला, "नखं कापायची आहेत." म्हाताऱ्यानं तिच्या फुगलेल्या पिसांकडे बघितलं, तिच्या श्वासाकडे कान दिला आणि नजर दुसरीकडे वळवली. कुणीतरी सरकून त्याला बाकावर जागा करून दिली. ती जागा घेणं त्याला फार जड गेलं.

डॉक्टर इल्हाम मूळच्या खार्तूमच्या, उंच, हळू बोलणाऱ्या. त्यांनी चोच उघडली, आत बघितलं आणि तोंडानं च्च केलं. "बाईसाहेबांनी काय खाल्लं?"

"लावे."

"फ्रीजरमधले?"

"हो."

"लावे बिचारे गुणी असतात. आणि गोठून वितळलेल्या मांसात हे जंतू जगत नाहीत. मग हे कुठून आलं, हवेतून?"

त्यांनी कापसाची काडी घशात फिरवून काचेवर ओढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि थोड्या वेळानं त्याला बोलावलं. "ये, बघ." त्यानं डोळा लावला. उजेडाच्या गोलात नासपतीच्या आकाराचे बारीक जीव शेपट्या हलवत गडबडीनं धावत होते, जणू त्यांना कुठेतरी उशीर झाला होता. तो बराच वेळ बघत राहिला. ते त्याच्या गच्चीवरून आले होते. जिन्यानं त्यानंच त्यांना खाली आणलं होतं. "कबूतर," तो डोळा न काढता म्हणाला. "एक कबूतर दिलं होतं. ताजं."

"मानेसकट?"

"सगळं."

"औषध काही दिलंस?"

"कबुतरांची गोळी."

"कबुतराच्या मापाची. म्हणजे जंतूंना नुसती ताकीद दिलीस." त्या हसल्या नाहीत. तोंडावर वायूची नळी धरून त्यांनी अनूदला निजवलं, चिमट्यानं ती पिवळी साय सुटेल तेवढी सोडवली, जिथे रक्त यायला लागलं तिथे हात थांबवला. मग गोळ्या कशा द्यायच्या, लाव्याचं मांस हाडाशिवाय वाटून नळीनं कसं भरवायचं, भांडी उकळत्या पाण्यानं कशी धुवायची, गच्चीवरच्या सगळ्या कबुतरांना औषध कसं द्यायचं हे सांगितलं. "हे बरं होईल," त्या म्हणाल्या. "पण कबुतरांकडून आणखी एक रोग येतो. विषाणूचा. कबुतराला त्याचं काही वाटतही नाही. ससाण्यात तो यकृतात शिरतो, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. आलाय की नाही हे येत्या काही दिवसांत कळेल. तोवर वाट बघायची." यकृत हा शब्द त्या वर्षी शाहीननं दुसऱ्यांदा डॉक्टरच्या तोंडून ऐकला. तो अनूद जिथे निजली होती त्या टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला.

त्याच संध्याकाळी मुहन्नाचा फोन आला तो चेहरा दिसणारा. उशीवर टेकलेला तो चेहरा ओळखू येत नव्हता, दाढी तेवढी ओळखीची. "उद्या सकाळी मला आत नेतायत," तो म्हणाला. "आधी तिला बघू दे. चित्रीकरण नको, आत्ताची दाखव."

शाहीननं फोन अड्ड्यासमोर धरला. मुहन्ना बघत राहिला. त्याच्या खोलीतल्या यंत्राचा टिकटिक आवाज येत होता.

"मान आत घेतलीय हिनं."

"थंडी आहे."

"दोहात?" मग, "भावा, तोंड दाखव तिचं."

शाहीन म्हणाला, आत्ता नको, आत्ताच निजायला लागलीय. मुहन्नानं नजर पडद्यावरून हलवली नाही. वदहा उठून आली, तिनं न विचारता अनूदला टॉवेलमध्ये घेतलं. शाहीननं एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोच उघडली. त्याला वाटलं आपण आपलंच तोंड उघडून दाखवतो आहोत. आत घासल्यानं झालेली लाल जखम होती, कडेला राहिलेली पिवळी रेघ होती. मुहन्नाला पन्नास वर्षांत हे किती वेळा दिसलं असेल. त्याला एका नजरेचं काम होतं.

"कबूतर?"

"हो."

"का?"

"लावे काढायला विसरलो होतो." हे खरं होतं. याच्या पलीकडचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण उद्या सकाळी ज्याचं पोट फाडणार त्याला ते आज ऐकवणं म्हणजे त्याच्यावर आपलं ओझं टाकणं, असं त्याला वाटलं. की हेही लपणंच होतं? ते त्याला त्या क्षणी कळलं नाही आणि नंतरही कधी नीट कळलं नाही. "इस्पितळात नेलं होतं आज," एवढंच तो म्हणाला.

"आज." मुहन्नानं तो शब्द नुसता परत म्हटला. डोळे मिटले, उघडले. "डॉक्टर सांगतील तसं कर. आणि हे ऐक. उद्या माझं काही झालं तर जब्र तिला मागणार नाही, मी सांगून ठेवलंय. ती तुझी." पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत बोललं आणि पडदा काळा झाला. वदहा अजून अनूदला छातीशी धरून उभी होती. शाहीनच्या मनात आलं, भावानं शिव्या दिल्या असत्या, वडिलांसारखं हसून चारचौघांत सांगितलं असतं, तर आपल्याला रात्री झोप लागली असती.

पुढचे दिवस त्यानं कचेरीला दांडी मारली. वाटलेलं मांस नळीतून भरवायचं, गोळ्या द्यायच्या, भांडी उकळायची, मग वर जाऊन एकेक कबूतर हातात घ्यायचं, चोच उघडायची, औषध घालायचं. बसराच्या नव्या जोडीच्या तोंडातही ती पिवळी रेघ होती. इतकी वर्षं ज्यांच्या पंखांचा आवाज त्यानं जीव लावून ऐकला होता त्यांच्याकडे बघताना त्याला आता फक्त घसे दिसायचे. मुहन्नाची शस्त्रक्रिया फार वेळ चालली आणि मग तो बरेच दिवस शुद्धीच्या काठावर होता, जब्रचे त्रोटक फोन यायचे. अनूदच्या विष्ठेचा रंग हिरवा पडला की शाहीन यकृत कुणाचं बिघडलं याचा विचार करता करता दोघांची गल्लत करायचा. भावासाठी प्रार्थना करायला बसला की ओठांवर पाखराचं नाव यायचं. मग एका सकाळी त्यानं चिमट्यात धरून पुढे केलेला मांसाचा तुकडा अनूदनं चिमट्यासकट ओढला, गिळला, आणि त्याच्या बोटाला करकचून चावली. रक्त आलं. तो बोट तसंच धरून बसून राहिला. दुसरा रोग आलाच नव्हता. डॉक्टर इल्हामनी तपासून सांगितलं, "नशीब तुझं. माझं नव्हे, तिचंही नव्हे, तुझं." घशातली शीळ मात्र गेली नाही. जोरात उडाली की ती दम घेताना वाजायची. हा हंगाम गेला, पुढचे हंगामही ती जुन्या वेगानं शिकार करेल याची खात्री नाही, असं त्या म्हणाल्या.

मुहन्ना परत आला तेव्हा हवेत उष्मा भरायला लागला होता. काठीच्या आधारानं, अर्धा होऊन, पण चालत आला. त्याच्या मजलिशीत माणसं जमली. मांस-भाताची परात आली आणि गेली, खजूर फिरला. अनूद त्याच्या हातमोज्यावर होती. धाकटा भाऊ म्हणून कहवा शाहीनच ओतत होता, डाव्या हातात पितळी भांडं, उजव्या हातात पेले. बू मत्तरांनी अनूदकडे कान दिला आणि मुहन्नाला, जब्रच्या बापाला, विचारलं. "ही शीळ कसली रे, बू जब्र? आधी नव्हती."

शाहीनचा हात थांबला. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ती शीळ कसली हे माहीत होतं. इस्पितळाच्या बाकावरची अर्धी माणसं इथेच होती.

"माझी चूक," मुहन्ना म्हणाला. "जाताना मीच याला म्हणालो होतो, लावे खाऊन कंटाळेल, मध्ये एखादं ताजं कबूतर दे. यानं दिलं. आजारपणात माणसाची बुद्धी फिरते." त्यानं हे इतक्या सहज म्हटलं की दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, होतं असं. बू मत्तर म्हणाले, "आम्हाला वाटलं कबुतरवाल्यानं सूड घेतला," आणि सगळे मनमोकळे हसले. मुहन्नाही हसला. त्यानं या वेळी खाली बघितलं नाही, सरळ शाहीनकडे बघितलं, आणि त्या नजरेत आता झालं ते झालं असं होतं. शाहीनला दिसलं की भावानं विसरण्याची चूक पोटात घातली आहे. विसरण्याचीच. जे पोटात घातलं ते फार छोटं होतं, आणि त्याच्या मोबदल्यात आपल्याला आयुष्यभर पुरेल इतकी मोठी माफी मिळते आहे. हे आता नाही थांबवलं तर ती न कमावलेली माफी आपल्याकडेच राहील.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. भांडं हातातच होतं. "तो नको म्हणाला होता. विमानतळावर बजावून सांगितलं होतं." हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. "आणि कबूतर आजारी होतं. मला माहीत होतं. मी त्याचं तोंड उघडून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर चांगलं कबूतर द्यावं लागलं असतं. चांगली माझ्यासाठी ठेवली मी."

अनूदनं पंख झाडले आणि पुन्हा मिटले. बू मत्तर हातातल्या जपमाळेकडे बघत राहिले. मुहन्नाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रागानं नव्हे. त्यावर एक थकवा पसरला, शस्त्रक्रियेतूनही जो उमटला नव्हता असा, आणि शाहीनला पहिल्यांदा कळलं की आपल्या भावाला आता खरंच दुखलं आहे. मग मुहन्नानं रिकामा पेला पुढे केला.

शाहीननं ओतलं. मुहन्ना प्यायला आणि पेला पुन्हा पुढे केला. पुरे झालं की माणूस पेला दोन बोटांत धरून हलवतो, मग ओतणारा पुढच्याकडे जातो. मुहन्नानं पेला हलवला नाही, शाहीनला पुढे जाऊ दिलं नाही. शाहीननं पुन्हा ओतलं. डॉक्टरांनी त्याला इतका कहवा प्यायची परवानगी दिली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. मुहन्ना प्यायला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला पुढे आला, तसाच, स्थिर, आणि शाहीन भांडं तिरपं करून त्याच्यासमोर वाकून उभा राहिला.